चिमणीचं दार

मागच्या वेळी जुन्या सुती पातळांच्या पिशव्या शिवायला सांगितल्या होत्या. त्यावर दोघी-तिघींनी विचारलं, की पिशव्या झाल्यावर उरलेल्या चिंध्यांचं काय करायचं? टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. मैत्रिणींनो, असं एक गाठोडं माझ्याकडेही होतं. पाच-सहा वर्षं ते कपाटाच्या डोक्यावर बसून होतं, आणि दर दिवाळीच्या साफसफाईला त्यावरून ह्यांचं नि माझं वाजायचं. गेल्या पावसाळ्यात ते एकदाचं कामी लागलं. कसं, ते सांगते.

आमच्या धाकट्या नणंदेला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली. बारशाला चांदीची वाटी न्यायची हे सासूबाईंनी केव्हाच ठरवून टाकलेलं. पण इतक्या वाट पाहण्यानंतर आलेलं बाळ, त्याला घरच्या हातचं काहीतरी असावं असं मला फार वाटत होतं. काय करावं ते सुचत नव्हतं. ते सुचलं माझ्या लेकीमुळे. तिच्या शाळेत गाण्याचं चित्र काढून आणायला सांगितलं होतं. तिनं भिंतीवर बसलेलं अंडं काढलं, त्याला टाय बांधला, आणि आजीला दाखवायला नेलं.

“हे अंडं भिंतीवर कशाला चढलं गं?” सासूबाईंनी विचारलं.

लेकीनं सगळी हकीकत सांगितली. पडलं, फुटलं, राजाच्या माणसांनासुद्धा सांधता आलं नाही. सासूबाई म्हणाल्या, “बरं झालं मग. आता आपल्या चिऊताईचं काढ.”

“तिचं चित्र कुठं आहे बघून काढायला?” लेक म्हणाली.

खरंच की! अंड्याची चित्रं घरात चार पुस्तकांत होती. चिऊताई, चांदोबा, तळहातावरचा मोर हे सगळे मात्र आमच्या घरात फक्त तोंडातच होते. त्याच रात्री मी गाठोडं खाली काढलं.

त्या अंड्याशी माझं भांडण नाही, बरं का. उलट या कामातली सगळ्यात मोठी युक्ती मी एका इंग्रज चित्रकाराकडूनच उचलली. बी. ए.ला असताना कॉलेजच्या ग्रंथालयात रँडॉल्फ कॅल्डेकॉट याच्या चित्रांचं एक जुनं पुस्तक हाती लागलं होतं. हा गृहस्थ १८४६ साली जन्मला, जेमतेम चाळिशीत १८८६ साली गेला. पण जाण्यापूर्वी मुलांच्या गाण्यांची अशी चित्रं काढून गेला, की पुढे १९३८ पासून अमेरिकेत मुलांच्या उत्तम चित्रपुस्तकाला त्याच्या नावाचं पदक देऊ लागले. एका गाण्यात बशी आणि चमचा दोघं मिळून पळून जातात. गाणं तिथंच संपतं. पण १८८२ सालच्या पुस्तकात कॅल्डेकॉटनं पुढचं एक चित्र काढलंय: बशी फुटून जमिनीवर पडली आहे, आणि चमच्याला तिचे आईवडील, म्हणजे सुरी नि काटा, दोन्ही बाजूंनी धरून घरी नेताहेत! गाण्यात याचा एक शब्द नाही. तेव्हा मी नुसती हसले होते. आता शिवायला बसल्यावर कळलं, की गाण्यात जे आहे तेच पुन्हा चित्रात काढलं तर चित्र मुकं राहतं. गाणं जिथं गप्प बसतं, तिथं चित्रानं बोलायचं.

आणि गाणं नि चित्र जवळ ठेवायची रीत आपल्याला परकी कुठं आहे? हादग्याला मधोमध पाटावर हत्ती काढतो आणि त्याच्याभोवती फेर धरतो, ते आणखी काय असतं!

आता कामाचं बोलू. मी भिंतीवर लावायचा पडदा केला. दोन चौकोन आडवे, तीन उभे, असे सहा चौकोन. प्रत्येक चौकोन शिवून झाल्यावर बारा इंचांचा राहील असा, म्हणून कापताना तेरा इंच. मधे आणि कडेला दीड इंचाच्या पट्ट्या. सगळं मिळून साडेअठ्ठावीस इंच रुंद आणि बेचाळीस इंच लांब होतं. मागे लावायला सव्वा मीटर मांजरपाट पुरतो आणि चौकोनांनाही तेवढाच. मांजरपाट आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. तो आटतो, आणि नंतर आटला की चांदोबाचं तोंड वाकडं होतं.

जुनं पातळ इतकं मऊ झालेलं असतं, की कापलं की कडा सुटत जातात. त्याला एक सोपा उपाय आहे. चिंध्यांना दाट खळ घाला, ओलसर असतानाच इस्त्री करा आणि मग कापा. कागदासारखे तुकडे निघतात. आकार आधी वर्तमानपत्राच्या कागदावर काढून घ्यावा, कापडावर ठेवून भोवती पाव इंच जास्त कापावं, कडा आत दुमडून कच्चा टाका घालावा आणि मग बारीक हातशिलाईनं जोडावा. नाजूक जागी, म्हणजे चोच, पाय, शेपटी, तिथं तुकड्यांच्या नादी लागू नका. सरळ दोऱ्यानं भरा. देठाचा टाका, साखळी टाका, गाठीचा टाका आणि धावदोरा एवढं येत असलं तरी पुष्कळ झालं.

आणि रंग! लाल कापड असेल तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. मी नाही बघितलं. पहिल्या चौकोनात चांदोबा होता, सासऱ्यांच्या जुन्या धोतराचा, अगदी दुधासारखा पांढरा. शेजारी मामाचा वाडा एका लाल खणाचा. इस्त्रीपूर्वी पाणी शिंपडलं मात्र, वाड्याचा रंग सुटला आणि चांदोबा गुलाबी झाला. मी रडकुंडीला आले. सासूबाईंनी चष्मा वर करून पाहिलं नि म्हणाल्या, “लाजलाय गं तो. राहू दे.” पण मी राहू दिला नाही, नवा केला. आता वाटतं, ठेवायला हवा होता.

नवा चांदोबा मी वेगळा काढला. पहिला होता तो चांगला वाटोळा, नाकडोळ्यांचा, मधोमध. दुसऱ्या खेपेला झाड मोठं केलं, लिंबोणीची गच्च पानं, त्यांत पिवळ्या दोऱ्याच्या गाठींची लिंबं, आणि चांदोबाची नुसती एक कड पानांआडून दिसेल अशी. लेकीनं लगेच विचारलं, “बाकीचा कुठाय?” असं मूल विचारतं तेव्हा चौकोन जमला समजावं.

मोराच्या चौकोनात मोरच नाही. लेकीचा हात कापडावर ठेवून शिवणाच्या खडूनं भोवती आखून घेतला, त्यावर साखळी टाका घातला. तळहातावर दाण्यांच्या चार-पाच गाठी, एक पाण्याचा थेंब, आणि बोटांच्या टोकाशी इरकलीच्या हिरव्या काठाचं एक पीस. मोर चारा खाऊन, पाणी पिऊन उडून गेलेला आहे. या चौकोनाच्या मागच्या बाजूला ज्या मुलाचा हात असेल त्याचं वय नि साल दोऱ्यानं घालून ठेवा.

तीट लावण्याच्या गाण्यात सुरुवातीचे शब्द नुसते गंमतीचे असतात, त्यांचं चित्र होत नाही. तिथं डोकं खाजवत बसू नये; मी त्यांची कडेला वेलबुट्टी केली. खाली बाळाचं एक पाऊल, त्यात चंदेरी दोऱ्याचा वाळा, शेजारी काजळाची डबी. बाळाचं तोंड मुद्दामच काढलं नाही. तोंड ज्याचं त्याचं असतं.

पावसाच्या गाण्यात मला अनायासे एक ठेवा मिळाला. माझ्या माहेरच्या आजीनं एक भोकाचा पैसा दिला होता. १९४३ ते १९४७ या काळात निघालेला, मधोमध भोक असलेला तांब्याच्या रंगाचा पैसा तुमच्यापैकी कुणाकुणाच्या देव्हाऱ्यात अजून असेल. रुपयाचे चौसष्ट पैसे होते त्या दिवसांतला. शंभराचा हिशेब १९५७ साली आला. त्याला भोक आहे म्हटल्यावर दुसरं काय हवं? सरळ बटणासारखा शिवून टाकला. लेक म्हणाली, “म्हणूनच खोटा! भोक आहे ना!” मी तिला सांगितलं की आता पावलीपर्यंतची सगळीच नाणी खोटी झाली, ती ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पैसा लावणार असाल तर दुहेरी दोऱ्यानं घट्ट लावा आणि पडदा बाळाच्या हाताबाहेर उंच टांगा. बाळाच्या अंगावर घ्यायच्या दुपट्यावर पैसा, टिकल्या, मणी यांतलं काहीही लावू नये.

याच चौकोनात मी पुराच्या पाण्यातून वाहून जाणारं मडकंही काढणार होते. सासूबाई म्हणाल्या, “मडकं नको काढूस.” मी म्हटलं, असेल काही. पैशाभोवती नुसत्या सरी घातल्या आणि पुढे गेले.

पाचवा चौकोन चिऊ-काऊंचा. हा माझा आवडता, म्हणून शेवटी ठेवला होता. खरं म्हणजे ती गोष्ट, गाणं नव्हे; पण आपल्याकडे ती गाण्यासारखीच सांगतात. चिमणी नि कावळा काढताना एक लक्षात ठेवा. पुस्तकांतून चिऊताईच्या गळ्याखाली काळा डाग दाखवतात, तो नर चिमण्याचा. चिऊताई म्हणजे मादी. ती साधी, मातकट, डोळ्यामागे फिकट पट्टा. आणि कावळा सगळा काळा नसतो, आपल्या दारातल्या कावळ्याची मान राखी असते. मी ह्यांच्या जुन्या पँटचा राखी तुकडा वापरला. काऊचं शेणाचं घर तपकिरी, वाहून गेलेलं, म्हणजे नुसते ओघळ. चिऊचं मेणाचं घर धोतराच्या उरलेल्या तुकड्याचं. त्याला तपकिरी दोऱ्यानं भरलेलं घट्ट बंद दार, दाराला कडी, बाहेर भिजलेला काऊ. दारालाच तीन दुपारी लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दार गायब! एकेक टाका उसवलेला, दोरा नीट कागदाच्या पुठ्ठ्याला गुंडाळून ठेवलेला. उंदरानं काही दोरा गुंडाळला नसता. घरात सुई हातात धरणाऱ्या आम्ही दोघीच. मी बोलले काही नाही, पण त्या सकाळी भांडी जरा जोरातच आपटली, ते कबूल करते.

दुपारी चहाच्या वेळी सासूबाई स्वतःच म्हणाल्या, “ते दार मी उसवलं.”

“का पण, आई?”

“बंद नको.”

मी समजवायला लागले. म्हटलं, आई, सगळी गोष्टच त्या दारात आहे. मी सकाळच्या वेळात ज्या लहान मुलांना शिकवते, त्यांना हाच भाग सर्वांत आवडतो. बाळाची आंघोळ, बाळाचे कपडे, बाळाचं काजळ, चिऊची एकेक सबब ती माझ्याआधी ओरडून सांगतात. दार उघडंच असलं तर उरलं काय?

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. “तुला ठाऊक आहे ना आमचं पुण्याचं घर पुरात गेलं ते?”

ठाऊक होतं. म्हणजे एवढंच ठाऊक होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यांत सासूबाईंच्या वडिलांचं शनिवारातलं मातीचं घर होतं. सासूबाई तेव्हा आठ वर्षांच्या, माझ्या लेकीएवढ्या. याच्यापलीकडे चौदा वर्षांत त्या कधी काही बोलल्या नव्हत्या.

“पाणी ओसरल्यावर आम्ही चौघं निघालो,” त्या सांगू लागल्या. “आई, मी नि दोघं धाकटे. वडील घराच्या ढिगाऱ्यापाशीच थांबले. दिवे नव्हते कुठं. एका नात्यातल्या घरी गेलो. आईनं कडी वाजवली. आतून म्हणाल्या, थांबा हं. आम्ही थांबलो. आत भांड्यांचा आवाज येत होता गं, माणसं होती. बराच वेळ थांबलो. मग आई म्हणाली, चला.”

“आणि?”

“दुसऱ्या घरी आधीच पंचवीस माणसं होती. तिसऱ्या दारात एक बाई उभी होती. आम्हाला ओळखतसुद्धा नव्हती. आधी आत घेतलं, मग नाव विचारलं. चूल पेटलेली होती. दिवाळीपर्यंत तिथं राहिलो.”

पहिलं दार कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला एवढंच आठवलं, की मी रोज रात्री लेकीला चिऊ-काऊची गोष्ट सांगायला बसले, की सासूबाई उठून गॅलरीत जायच्या. मला वाटायचं, त्यांना तेच तेच ऐकायचा कंटाळा येतो.

पण मैत्रिणींनो, खरं सांगू? ऐकून घेतलं तरी दार कायमचं उघडं ठेवायला माझं मन घेईना. मुलांना ते थांबणं हवंच असतं. आणि कावळ्याचीही बाजू काही फार सोज्ज्वळ नाही! दोन दिवस चौकोन तसाच पडून राहिला. मग म्हटलं, उघडझाप होणारं दार करावं. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “चालेल. पण आत काय आहे ते मी काढणार.”

असं दार कुणालाही जमेल. तीन इंच रुंद, साडेचार इंच लांब असे दोन तुकडे शिवण सोडून कापावे, सुलट बाजू आतल्या बाजूला ठेवून तीन बाजू शिवाव्या, उलटवून इस्त्री करावी. चौथी बाजू आत दुमडून घराच्या भिंतीवर दाट टाक्यांनी बसवावी, तीच बिजागरी. दाराच्या आतला भाग जरा गडद कापडाचा घ्या, म्हणजे उघडल्यावर खोली दिसते. कडीऐवजी कापडाची गुंडी करावी: कापडाची पट्टी सुरळी करून गाठ मारायची. समोर काजटाक्यानं भरलेली दोऱ्याची फास.

सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, दुसऱ्याचं व्हायचंय. सुईत दोरा लेकीनं ओवून द्यायचा. एका वेळी दहा-बारा सुया ओवून ती शाळेत जायची आणि दुपारभर आजीचं काम चालायचं. दाराच्या आतल्या तीन बोटं जागेत त्यांनी चूल काढली, लाल नि पिवळ्या दोऱ्याचा जाळ, वर पातेलं. चुलीशेजारी एक पाट मांडला. पाटावर कुणी नाही. टाके काही सारखे नाहीत, जाळ तर पातेल्याच्या वर गेलाय. मी एकही सुधारला नाही.

बारशाला घर माणसांनी भरलेलं होतं. नणंदेनं पडदा उलगडला, सगळ्या बायका भोवती जमल्या. पैसा बघून एक म्हातारी खुदकन हसली. दार उघडतं हे नणंदेला आधी कळलंच नाही, ते माझ्या लेकीनं दाखवलं. नणंदेनं गुंडी सोडली, आत पाहिलं. “हे कुणी काढलं?”

“मी,” सासूबाई म्हणाल्या. “दोरा तेवढा हिनं ओवला.” आणि बाळाला कुंची घालायला उठल्या. रात्री पाहुणे गेल्यावर दोघी मायलेकी उशिरापर्यंत आतल्या खोलीत बोलत होत्या. मी दार लोटून घेतलं.

तर गुंडीबद्दल एक सांगायचं राहिलं. आत्तापर्यंत ती दोनदा तुटली आहे, कारण येणारा प्रत्येक जण दार उघडून बघतो. गुंडी लावताना मागच्या बाजूनं जाड कापडाचा छोटा तुकडा ठेवून त्यातून टाका घ्यावा, म्हणजे मांजरपाट फाटत नाही. धुवायचा झाला तर पडदा हातानं, गार पाण्यात, पिळू नये, आणि सावलीत आडवा पसरावा. वर काठी घालायला दोन इंचांची नेफ्यासारखी पट्टी शिवून ठेवा.

सहावा चौकोन मी कोराच दिला होता. त्या घरचं गाणं त्या घरानं घालावं, असा विचार. नणंदेच्या सासूबाई वऱ्हाडातल्या. आमच्याकडच्या गाण्यांचे शेवट त्यांना चुकीचे वाटतात, जसे मला माझ्या सासरचे सुरुवातीला वाटायचे. त्यांनी कुठलं गाणं घेतलंय ते अजून सांगत नाहीत. परवा फोनवर फक्त पोपटी दोऱ्याची लडी मागितली. ती कालच पोस्टानं पाठवली.